काडतुसांच्या विक्रीवरील निर्बंध व बंदूकवाला शेतकरी

काडतूस नसेल तर बंदूक ही केवळ लोखंडाची कांब होय. ही गोष्ट इतकी उघड आहे कीं, तिच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. आणि म्हणूनच बंदुकीस हात न लावतां तिचा उपयोग आटोक्यांत आणावा असें जेव्हां सरकारच्या मनांत येतें, तेव्हां तें काडतुसाकडे वळतें. आमच्या शेतकरी बंधूंपैकीं ज्यांच्या घरीं पीक-संरक्षणाची ठासणीची अथवा बाराच्या बोअरची बंदूक आहे, त्यांनीं आपला परवाना आज पेटींतून काढून पाहावा. बंदुकीचा नंबर, बनावट, एकनळी कीं दुनळी हें सर्व त्यांस तोंडपाठ असतें. परंतु एका वेळीं किती काडतुसें बाळगतां येतील व वर्षांत किती विकत घेतां येतील, हा जो त्याच परवान्यांतील रकाना आहे, त्यांतील आंकडा विचारला तर बहुतेक जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. प्रस्तुत लेखकानें महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां बरींच वर्षें परवान्यांचें रजिस्टर लिहिलें आहे, यास्तव हें अनुभवानें लिहितां येतें.

असा रकाना ज्यांनीं कधीं पाहिलाच नव्हता, अशा लोकांवर तो एकदम येऊन पडला म्हणजे काय होतें, सरकारचें म्हणणें काय असतें, लोक कोणकोणत्या मार्गांनीं उत्तर देतात, आणि त्यांपैकीं कोणतें उत्तर लागू पडतें, हें पाहण्यास अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्याचें उदाहरण फार उपयोगी आहे. म्हणून तें थोडें विस्तारानें सांगतों.

कॅलिफोर्निया हें नांव घेतलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें सिनेमाचीं शहरें येतात. परंतु तो मुलूख मोठ्या शेतीचा आहे. बदाम, द्राक्षें, टोमॅटो, व उत्तरेकडील सॅक्रामेंटो नदीच्या खोऱ्यांत भात, अशीं तेथील पिकें. तेथेंहि शेतकऱ्यास रानडुकरांचा उपद्रव आहे. शिवाय जमिनींत बिळें करून राहणारी एक मोठी खार आहे, ती बदामाच्या बागा व कुरणें पोखरून टाकते, पाटांचे बांध फोडते. तेव्हां शेतावरील घरांत एखादी छर्ऱ्याची बंदूक व एखादी बारीक बोअरची रायफल असणें ही तेथें कुदळ-फावडें असण्यासारखीच गोष्ट. त्यांतून १७९१ सालच्या दुसऱ्या घटना-दुरुस्तीनें शस्त्र बाळगणें हा तेथें नागरिकांचा हक्क मानला आहे. आपल्याकडे तसा हक्क नाहीं. हा भेद वाचकांनीं प्रथमच ध्यानांत ठेवावा, नाहीं तर पुढील हकीकतीवरून भलतींच अनुमानें निघतील.

काडतुसें त्या देशांत पूर्वीं खिळे-मोळे विकावेत तशीं विकलीं जात. १९६८ च्या मध्यवर्ती कायद्यानें दुकानदारांवर विक्रीची नोंद ठेवण्याचें बंधन आलें होतें. पण त्या वह्यांचा गुन्हे शोधण्याकडे फारसा उपयोग होत नाहीं असें ठरून १९८६ सालीं तें बंधन बहुतांशीं उठविण्यांत आलें. पुढें कॅलिफोर्निया राज्यानें आपल्यापुरता निराळा विचार केला. २००९ सालीं तेथील कायदेमंडळानें असा कायदा केला कीं, पिस्तुलाचीं काडतुसें टपालानें मागवूं नयेत, समक्ष घ्यावींत, व घेणाऱ्यानें दुकानदाराच्या वहींत नांव-पत्ता लिहून अंगठा उठवावा.

हा पहिला कायदा अमलांत आलाच नाहीं, आणि तो कां आला नाहीं हें पाहण्यासारखें आहे. टेहामा परगण्याचा शेरीफ, फ्रेझ्नो शहरांतील क्रीडा-साहित्याचें एक दुकान, व बंदूकधाऱ्यांची एक संस्था असे कांहीं जण मिळून कोर्टांत गेले. त्यांनीं हक्काच्या गोष्टी फारशा काढल्या नाहींत. त्यांनीं इतकेंच विचारलें कीं, 'पिस्तुलाचें काडतूस' म्हणजे कोणतें? कारण बावीस नंबरचें जें बारीक काडतूस शेतकरी खारीवर वापरतो, तें पिस्तुलांतहि चालतें व रायफलींतहि चालतें. आणि अशीं दोन्हीकडे चालणारीं काडतुसें पुष्कळ. कायद्यांत व्याख्या अशी होती कीं, मुख्यतः पिस्तुलांत वापरलें जाणारें तें पिस्तुलाचें काडतूस. मुख्यतः म्हणजे किती? दुकानदारानें तें कसें ओळखावें? शेरीफानें कोणास पकडावें व कोणास सोडावें? जानेवारी २०११ मध्यें, कायदा अमलांत येण्यास थोडेच दिवस उरले असतां, फ्रेझ्नोच्या कोर्टानें हा प्रश्न रास्त ठरवून संदिग्धतेच्या कारणावरून ते नियम रद्द केले. ज्याला कायदा पाळावयाचा आहे त्याला तो कळत नाहीं, आणि ज्याला तो पाळून घ्यावयाचा आहे त्यालाहि कळत नाहीं, ही हरकत साधी दिसते. पण तिच्यापुढें सरकारचा वकीलहि अडखळला.

आतां सरकारची बाजू. ती ऐकून न घेतां हरकत लिहिणारा मनुष्य आपलेंच काम बिघडवितो, म्हणून ती येथें सांगणें अवश्य आहे. लॉस एंजेलिस शहरांत २००४ च्या एप्रिल व मे या दोन महिन्यांतील काडतूस-विक्रीच्या वह्या संशोधकांनीं तपासल्या, तेव्हां खरेदीदारांपैकीं शेंकडा सुमारें तीन असे निघाले कीं, ज्यांना गुन्ह्याच्या शिक्षेमुळें किंवा तत्सम कारणानें शस्त्र जवळ बाळगण्याची बंदी होती. आणि तेवढ्यांनीं दोन महिन्यांत दहा हजारांवर काडतुसें नेलीं. बंदूक विकत घेतांना चौकशी होते, पण चोरीची बंदूक मिळविलेल्या माणसास काडतूस मात्र उघड्या बाजारांत मिळतें, तर त्या चौकशीचा उपयोग काय, असा त्यांचा प्रश्न होता. आणि तो पोकळ नव्हता. त्यांतच २ डिसेंबर २०१५ रोजीं सॅन बर्नार्डिनो येथें एका नवरा-बायकोनें गोळ्या झाडून १४ माणसें मारलीं. लोकमत क्षुब्ध झालें. १ जुलै २०१६ रोजीं राज्याच्या गव्हर्नरानें कायदेमंडळाचा नवा कायदा सहीनिशीं मंजूर केला, व ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं याच विषयावरील ६३ व्या क्रमांकाचा ठराव सार्वत्रिक मतदानास पडून शेंकडा ६३ मतांनीं पसार झाला. दोन्ही कायदे एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यांचा गुंता सोडवून दाखविण्याचें येथें कारण नाहीं. परिणाम इतका कीं, १ जानेवारी २०१८ पासून काडतुसें परवानेवाल्या दुकानदाराकडूनच व समक्षच घ्यावयाचीं; शेजारच्या नेवाडा किंवा ॲरिझोना राज्यांतून घेऊन परभारें घरीं आणावयाचीं नाहींत; आणि १ जुलै २०१९ पासून प्रत्येक खरेदीच्या वेळीं खरेदीदाराची सरकारी दप्तराशीं पडताळणी व्हावयाची.

याला बंदूकधाऱ्यांनीं काय उत्तर दिलें? सर्वांत मोठें, सर्वांत तांतडीचें आणि माझ्या मतें सर्वांत निरुपयोगी उत्तर म्हणजे सांठा करणें. ठरलेली तारीख जवळ येऊं लागली तसतशी दुकानांवर झुंबड उडाली. लोकांनीं पेट्याच्या पेट्या घरीं नेल्या. आपल्याकडे रॉकेल किंवा साखर मिळणार नाहीं अशी आवई उठली म्हणजे जें दृश्य दिसतें तेंच. यानें भाव चढले, आणि ज्याला हंगामापुरतीं चार काडतुसें पाहिजे होतीं त्याच्या हातीं रिकामें फडताळ आलें.

दुसरें उत्तर सह्यांच्या मोहिमेचें. तेथील घटनेप्रमाणें कायदेमंडळाचा नवा कायदा लोकांच्या सह्या जमवून मतदानास टाकतां येतो. २०१६ च्या उन्हाळ्यांत तशी खटपट झाली. परंतु प्रत्येक कायद्यामागें साडेतीन लाखांहून अधिक सह्या थोड्या आठवड्यांत पाहिजे होत्या, त्या जमल्या नाहींत. पुढें नोव्हेंबरच्या मतदानांतहि विरोधी पक्ष हरला. शहरांतील मतें पुष्कळ व शेतांवरील मतें थोडीं, हें त्याचें एक कारण. पण दुसरें असें कीं, प्रचारांत घोषणा फार होत्या आणि शेतकऱ्याच्या कामाची साधी हकीकत फार थोडी होती. शहरांतील मतदारास खार म्हणजे बागेंतील शेपटी उडविणारा प्राणी. ती एका बदामाच्या बागेचें काय करते हें त्याला कोणी सांगितल्याशिवाय कसें कळावें?

तिसरें उत्तर फारसें गाजलें नाहीं. पण मला तें महत्त्वाचें वाटतें. कायदा झाल्यावर त्याखालचे नियम सरकारी खातें करतें. कॅलिफोर्नियांत असा नियम करतांना मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या लेखी सूचनांकरितां निदान ४५ दिवसांची मुदत ठेवावी लागते, आणि आलेल्या प्रत्येक हरकतीचें उत्तर खात्यास लेखी द्यावें लागतें. मोर्चाला उत्तर द्यावेंच लागतें असें नाहीं, पण लेखी हरकतीस द्यावें लागतें. आणि पुढें खटला उभा राहिला तर तीच हरकत व तेंच उत्तर कोर्टापुढें येतें.

आतां नियम अमलांत आल्यावर काय घडलें तें पाहूं, कारण आम्हां दप्तरी माणसांस खरा धडा येथें आहे. पडताळणीचे मुख्य दोन प्रकार होते. ज्याची बंदूक राज्याच्या संग्रहांत त्याच्या नांवानें नोंदलेली आहे, त्याचें नांव, जन्मतारीख व पत्ता त्या नोंदीशीं जुळला कीं एक डॉलर शुल्कांत थोड्या मिनिटांत काम व्हावें. ज्याची नोंद नाहीं त्यानें १९ डॉलर भरून कांहीं दिवस वाट पाहावी, आणि हें प्रत्येक खरेदीच्या वेळीं नव्यानें. वरवर पाहतां व्यवस्था नीट दिसते. परंतु त्या राज्यांत लांब नळीच्या बंदुकांच्या खरेदीच्या नोंदी २०१४ पूर्वीं जतन करण्याची पद्धतच नव्हती. म्हणजे ज्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानें वीस वर्षांमागें रीतसर दुकानांतून बंदूक घेतली, किंवा ज्याच्याकडे आजोबांची दुनळी चालत आली, त्याचें दप्तरांत नांवच नाहीं. आणि ज्यानें काल पिस्तूल विकत घेतलें त्याचें आहे. तसेंच बंदूक घेतल्यावर ज्यानें घर बदललें त्याचा पत्ता जुळेना. पहिल्या सात महिन्यांत एक लाखाहून अधिक माणसें दुकानाच्या फळीवरून परत गेलीं. शेंकडा सोळांच्या आसपास हें प्रमाण पडलें. त्यांत खरोखर बंदी असलेले गुन्हेगार हजाराच्या आंतच होते. बाकीचे सर्व दप्तराच्या न जुळण्यानें परत गेलेले सरळ मार्गाचे लोक.

वाचकहो, यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. आपल्याकडे सात-बाराच्या उताऱ्यावर 'रामचंद्र', आधारपत्रावर 'रामचंद्रराव' आणि बँकेच्या पुस्तकांत 'रामभाऊ' असा एकच मनुष्य तीन ठिकाणीं तीन नांवांनीं नांदत असतो, आणि अनुदानाच्या वेळीं तो आपण स्वतःच आहों हें त्याला सिद्ध करावें लागतें. दप्तर आधीं दुरुस्त करून मग त्यावर कायदा उभारावा, कीं कायदा उभारून दप्तर दुरुस्त होण्याची वाट लोकांना पाहावयास लावावी, हा वाद कॅलिफोर्नियाचाच आहे असें नव्हे. कायद्याचा हेतु वाईट होता असें मी म्हणत नाहीं. बंदी असलेले कांहीं लोक त्या जाळ्यांत अडकले हेंहि खरें. जाळ्याचे डोळे मात्र चुकीच्या मापाचे विणले होते.

चौथें उत्तर कोर्टाचें. अटलांटा येथील १९९६ च्या ऑलिंपिकपासून २०१६ पर्यंत ओळीनें सहा ऑलिंपिक सामन्यांत पदकें मिळविणाऱ्या किम ऱ्होड या नेमबाज बाईंनीं व तेथील एका रायफल-संघानें २०१८ सालीं दावा लावला. ज्या खेळाडूस सरावाकरितां रोज शेंकडों काडतुसें उडवावीं लागतात, तिच्या तोंडून निघालेली तक्रार कोर्टास चटकन समजली. न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनीं २३ एप्रिल २०२० रोजीं पडताळणी तहकूब केली. पण वरिष्ठ कोर्टानें तो हुकूम लगेच थांबविला. पुढें जून २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें दुसऱ्या एका खटल्यांत असा दंडक घालून दिला कीं, शस्त्रावरील निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेंत बसले पाहिजेत. त्यावरून प्रकरण पुनः खालीं आलें. ३० जानेवारी २०२४ रोजीं त्याच न्यायाधीशांनीं कायदा घटनाबाह्य ठरविला. तेव्हांहि शेंकडा अकरांच्या सुमारास लोक परत जात असल्याचें निकालांत नमूद आहे. हाहि हुकूम थोड्याच दिवसांत वर तहकूब झाला. २४ जुलै २०२५ रोजीं वरिष्ठ कोर्टाच्या तिघां न्यायाधीशांनीं दोन विरुद्ध एक मतानें खालचा निकाल उचलून धरला, आणि सरकारनें अधिक न्यायाधीशांच्या पीठापुढें फेरसुनावणी मागितली. दाव्यास सात वर्षें होऊन गेलीं. वकिलाचा खर्च संस्थेनें केला म्हणून हें चाललें. एकट्या शेतकऱ्याच्या आवांक्यांतील हें काम नव्हे.

येथें एक आडगोष्ट सांगतों. ज्या १ जुलै २०१९ रोजीं पडताळणी सुरू झाली, त्याच दिवशीं त्या राज्यांत दुसराहि एक कायदा पुरतेपणीं अमलांत आला: रानांतील कोणत्याहि प्राण्यावर शिशाचें काडतूस झाडूं नये. कारण असें कीं, काँडोर नांवाचें एक प्रचंड गिधाड तेथें आहे. तें १९८० नंतरच्या वर्षांत इतकें कमी झालें होतें कीं, सगळे मिळून बावीसच पक्षी उरले होते. शेतकऱ्यानें खार मारून शेतांत टाकली कीं तिच्यांतील शिशाचे कण गिधाडाच्या पोटांत जातात व तें विषानें मरतें. शास्त्रज्ञांनीं मेलेल्या पक्ष्यांच्या रक्तांत व हाडांत शिसें दाखवून दिलें. पुरावा भक्कम होता, आणि आपल्याकडे डायक्लोफेनॅक औषधानें गिधाडांची काय वाताहत झाली हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस तो पटण्यास अडचण पडूं नये. तेथील पुष्कळ शेतकऱ्यांनींहि तो मानला. त्यांची तक्रार निराळीच होती: तांब्याची गोळी महाग, व खारीकरितां लागणाऱ्या बारीक बोअरची तर मिळण्यास दुर्मिळ. या कायद्याला मुदत २०१३ पासून टप्प्याटप्प्यानें दिलेली होती, म्हणून त्यावर पडताळणीइतका गदारोळ झाला नाहीं. कारण पुराव्यानें सांगितलें आणि मुदत दिली तर शेतकरी ऐकतो, असें मला यावरून वाटतें.

आतां आपल्या घरचें. आपल्याकडे काडतूस-विक्री मोकळी कधींच नव्हती. १८७८ च्या इंग्रजी कायद्यापासून तें परवान्याखालीं आहे. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम झाला, त्यांतहि बंदुकीप्रमाणेंच काडतुसासहि परवाना लागतो. बाजारांत पुष्कळ वर्षें चालत आलेलें बाराच्या बोअरचें 'शक्तिमान' छापाचें काडतूस आपल्या पुण्याजवळील खडकीच्या सरकारी दारूगोळा कारखान्यांतलें. म्हणजे करणारें सरकार, मोजून देणारें सरकार, व मोजमाप ठरविणारेंहि सरकारच. परंतु याच अधिनियमांत शेतकऱ्याच्या बाजूचीं कांहीं कलमें आहेत, तीं फारसे कोणी वाचीत नाहींत. तेराव्या कलमांत म्हटलें आहे कीं, खऱ्याखुऱ्या पीक-संरक्षणाकरितां ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकास परवाना द्यावा. आणि ठासणीची पुरेशी नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकहि देतां येते. चौदाव्या कलमांतील अपात्रतेचीं कारणें मात्र यालाहि लागू आहेत. तथापि परवाना नाकारला तर कारणें लेखी नमूद करावीं लागतात, व लोकहितास बाध येत नसेल तर तीं मागितल्यावर द्यावीं लागतात. अठराव्या कलमाखालीं अपील आहे. आणि सतराव्या कलमांत अशी सोय आहे कीं, परवान्याच्या अटी बदलून मिळाव्यात म्हणून परवानाधारकानें स्वतः अर्ज करावा. काडतुसांचा आंकडा ही परवान्यांतील एक अट आहे. तो आंकडा कमी पडतो म्हणून वर्षानुवर्षें कुरकुरणारे पुष्कळ पाहिले; या कलमाखालीं अर्ज करणारे थोडेच पाहिले.

आपल्याकडेहि हरकतीचा उपयोग होतो याचें एक ताजें उदाहरण आहे. नोव्हेंबर २०१९ मध्यें मध्यवर्ती सरकारनें लोकसभेंत जें दुरुस्ती-विधेयक आणलें, त्यांत एका माणसास तीनऐवजीं एकच बंदूक ठेवतां येईल असें कलम होतें. वडिलोपार्जित बंदुकांचें काय करावें, शेतावरच्या घरांत व गांवांतल्या घरांत एकच बंदूक कशी पुरावी, अशा तक्रारी लगेच निघाल्या. डिसेंबरमध्यें जो कायदा पसार झाला त्यांत तो आंकडा दोन झाला, व परवान्याची मुदत तीन वर्षांची होती ती पांच वर्षांची झाली. तसेंच २०१६ चे शस्त्र-नियम करण्यापूर्वीं २०१५ सालीं त्यांचा मसुदा लोकांपुढें ठेवून सूचना मागविण्यांत आल्या होत्या. आमच्या तालुक्यांतून किती सूचना गेल्या असतील, हा प्रश्न मी वाचकांनाच विचारतों.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. काडतूस जवळ असणें म्हणजे रानांतील जनावर मारण्याची परवानगी नव्हे. रानडुक्कर व रोही हीं १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या संरक्षणाखालीं आहेत. त्यांनीं पीक उद्ध्वस्त केलें तरी मारण्यापूर्वीं वनखात्याची परवानगी लागते. हांकून लावण्याकरितां हवेंत बार काढणें ही निराळी गोष्ट, आणि आमच्याकडील बहुतेक काडतुसें त्याच कामीं खर्च होतात. पण अर्जांत हें स्वच्छ लिहावें लागतें. 'डुकरें मारण्यासाठीं काडतुसें वाढवून द्यावींत' असें लिहिलें म्हणजे अर्जदारच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतो.

हरकत कशी लिहावी याविषयीं माझाच एक अनुभव, थोडा लाज वाटण्यासारखा असला तरी, सांगतों. मी ज्या कचेरींत होतों तेथें एकदां निवडणुकीच्या वेळीं सरसकट सर्व बंदुका पोलीस ठाण्यांत जमा करण्याच्या नोटिसा निघाल्या. भात पोटरींत होतें. आठ दिवसांत साठ-पासष्ट हरकती आल्या. सर्व एकाच माणसानें लिहून छापून वांटलेल्या, खालीं फक्त सही निराळी. मजकूर असा कीं, शेतकऱ्यांवर हा घोर अन्याय असून सरकारनें त्याचा विचार करावा. मीं त्या सर्व एका सुतळींत बांधल्या, आवक-वहींत एकच नोंद घेतली, आणि 'सामुदायिक हरकत, मोघम' असा शेरा मारून फाईल वर पाठविली. वरून ती 'दप्तरीं दाखल' होऊन आली. त्या शेऱ्यानें कित्येकांचें भात डुकरांनीं लोळविलें असेल, तें आतां आठवतें. पण दुसरें काय लिहितां आलें असतें? साहेबांनीं ज्यावर विचार करावा असें त्या कागदांत कांहीं नव्हतेंच.

त्याच गठ्ठ्यांत एक हरकत मात्र निराळी होती, आणि ती मला बाजूला काढून ठेवावी लागली. डोंगराकडेच्या एका गांवचे ते गृहस्थ. सात इयत्ता शिकलेले. त्यांनीं लिहिलें होतें कीं, माझें क्षेत्र अमुक गट नंबर, रानाच्या हद्दीस लागून. त्यांत भात इतकें. गेल्या हंगामांत अमुक अमुक तारखांस डुकरें आलीं, तलाठ्याचा पंचनामा सोबत. अमुक दुकानाच्या पावतीवर पंचवीस काडतुसें घेतलीं, त्यांपैकीं एकोणीस हवेंत बार काढण्यांत गेलीं, सहा शिल्लक. माझ्यावर कोणताहि गुन्हा नाहीं. भात कापून होईपर्यंत बंदूक मजकडे ठेवावी, कापणी झाल्यावर मी स्वतः ठाण्यांत आणून देतों. या अर्जाला 'मोघम' म्हणतां येईना. त्यावर पोलीस ठाण्याचा अहवाल मागवावा लागला, तो अनुकूल आला, व छाननी समितीनें त्यांची बंदूक त्यांजकडे राहूं दिली. त्या गांवांत त्या हंगामांत बंदूक घरीं राहिलेले ते एकटेच. शेजाऱ्यांचीं खाचरेंहि त्यांनींच रात्रीं जाऊन राखलीं असें नंतर ऐकलें.

पुढें ते परवाना नूतनीकरणास आले तेव्हां आंकड्यांची ही माहिती इतकी नेमकी कशी, म्हणून मीं विचारलें. त्यांनीं पिशवींतून शाळेच्या मुलांची असते तशी एक चाळीस-पानी वही काढून दाखविली. तिच्यांत दर पानावर पेन्सिलीनें सहा रकाने आंखलेले होते: तारीख व वेळ, कोणतें जनावर व किती, कोणत्या बांधावरून शिरलें, बार किती काढले, काडतुसें शिल्लक किती, आणि सहावा रकाना, शेजारी कोण जागा होता त्याचें नांव.